गणितात पैकीच्या पैकी, तरी नॅशनल मेरिट हुकतं ते असं

न्यू जर्सीतल्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगी सप्टेंबरमध्ये अकरावीत जाईल. दहावीत शाळेने घेतलेल्या पीएसएटीमध्ये (एसएटी या कॉलेज प्रवेशपरीक्षेची धाकटी बहीण) तिला १४२० मिळाले: रीडिंग-रायटिंगमध्ये ६७० आणि गणितात ७५०. पीएसएटीच्या गुणांवर ठरणारा नॅशनल मेरिट हा शिष्यवृत्तीचा मान मिळावा म्हणून उन्हाळ्यात गणिताचा क्लास लावलाय. आई-वडील एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत, मुलगी त्यांच्यामुळे मिळालेल्या एच-४ वर. तिला हा मान मिळू शकतो का, शेजारच्या राज्यात राहायला गेलो तर फायदा होईल का, आणि प्रेसिडेन्शियल स्कॉलर या दुसऱ्या राष्ट्रीय सन्मानाचंही काही बघता येईल का?

ताई, दोन्ही विभागांचे गुण वेगवेगळे लिहिलेत ते फार बरं केलंत. बहुतेक पालक नुसतं 'चौदाशे वीस' सांगतात, आणि त्या एका आकड्यावरून नॅशनल मेरिटबद्दल काहीच सांगता येत नाही. मी सोळा वर्षं या परीक्षांसाठी मुलांची तयारी करून घेतोय. आपल्या घरांमध्ये सगळ्यात जास्त गैरसमज याच एका गोष्टीचा दिसतो.

नॅशनल मेरिट एकूण गुणांवर ठरतच नाही. ते ठरतं सिलेक्शन इंडेक्सवर. रीडिंग-रायटिंगचे गुण दुप्पट करायचे, त्यात गणिताचे मिळवायचे आणि बेरजेला दहाने भागायचं. पीएसएटीत प्रत्येक विभागाला जास्तीत जास्त ७६०, म्हणून इंडेक्स जास्तीत जास्त २२८. इंग्रजीतले दहा गुण इंडेक्समध्ये दोन भर घालतात, गणितातले दहा फक्त एक.

आता तुमच्या मुलीचे आकडे घालून बघा. ६७० दुप्पट म्हणजे १३४०, अधिक ७५०, म्हणजे २०९०. इंडेक्स २०९. २०२६ साली बारावी झालेल्या तुकडीसाठी न्यू जर्सीत सेमीफायनलिस्टचा, म्हणजे पुढच्या फेरीत जाण्याचा, कटऑफ २२५ होता. म्हणजे सोळाची तूट. गणिताच्या क्लासने तिला पैकीच्या पैकी मिळवून दिले, तरी त्या सोळातला एक भरेल. उरलेले पंधरा इंग्रजीतूनच यायचे आहेत. आणि आणखी एक गंमत: गणित आहे तिथेच ७५० वर राहिलं तर इंग्रजीत तिला ७५० लागतात. गणित ७६० झालं तरी इंग्रजीत ७५०च लागतात, कारण ७४० ने इंडेक्स २२४ वर अडकतो. म्हणजे गणितातल्या त्या शेवटच्या दहा गुणांनी तिचं इंग्रजीचं ओझं रतीभरही हलकं होत नाही. क्लासचे पैसे परत मिळत असतील तर घ्या.

हे फक्त कागदावरचं गणित नाही. डिजिटल पीएसएटी सुरू झाली त्या पहिल्या वर्षी, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये, माझ्याकडची दोन मुलं एकाच शाळेतून बसली होती. पहिल्याला इंग्रजीत ७३०, गणितात ७६०, एकूण १४९०. दुसरीला इंग्रजीत ७५०, गणितात ७३०, एकूण १४८०. न्यू जर्सीचा कटऑफ लागला २२३. मुलाचा इंडेक्स २२२, मुलीचा २२३. जास्त गुणवाला बाहेर, कमी गुणवाली आत. मुलाचे वडील महिनाभर मला विचारत होते की कुठेतरी चूक झाली असेल, पुनर्तपासणी करता येते का. चूक काहीच नव्हती. गणित चांगलं म्हणजे मूल हुशार, ही आपली जुनी मोजपट्टी. ही परीक्षा वेगळी मोजपट्टी लावते.

हा मान मुळात कसा चालतो ते सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. नॅशनल मेरिट कॉर्पोरेशन ही १९५५ साली सुरू झालेली संस्था आहे. दरवर्षी तेरा-चौदा लाख मुलं अकरावीत पीएसएटी देतात. त्यातली वरची सुमारे ५०,००० निवडली जातात. त्यांतल्या साधारण ३४,००० जणांना 'कमेन्डेड' म्हणजे प्रशस्तिपत्र मिळतं आणि त्यांचा प्रवास तिथेच थांबतो. साधारण १६,००० जण सेमीफायनलिस्ट होतात. त्यातले पंधरा हजारांच्या आसपास फायनलिस्ट होतात, आणि त्यातल्या सुमारे निम्म्यांच्या हातात प्रत्यक्ष शिष्यवृत्ती पडते.

कमेन्डेडचा कटऑफ सगळ्या देशाला एकच असतो. २०२६ च्या तुकडीला तो २१० होता, त्याआधीच्या वर्षी २०८. सेमीफायनलिस्टचा मात्र राज्यागणिक वेगळा. देशभरातल्या बारावी होणाऱ्या मुलांमध्ये ज्या राज्याचा जितका वाटा, तितक्या सेमीफायनलिस्टच्या जागा त्या राज्याला मिळतात. मग त्या जागा वरून भरत यायचं, आणि शेवटची जागा ज्या इंडेक्सवर भरते तो कटऑफ. म्हणून न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्समध्ये २२५ लागले त्याच वर्षी नॉर्थ डकोटात २१० पुरले. तिथे इंग्रजी ७०० आणि गणित ७०० मिळवणारं मूल सेमीफायनलिस्ट होतं. तेच मूल आपल्या न्यू जर्सीतल्या एडिसनला असतं तर कुणी विचारलंही नसतं. हा अन्याय आहे का? आहे, पण तो सगळ्यांना माहीत असलेला, नियमात लिहिलेला अन्याय आहे. त्यावर चिडण्यात वेळ घालवू नका.

राज्य बदलण्याबद्दल. कटऑफ ठरतो तो शाळा ज्या राज्यात आहे त्यावरून, तुमच्या घराच्या पत्त्यावरून नाही. पेनसिल्व्हेनियाचा कटऑफ न्यू जर्सीपेक्षा काही गुणांनी खाली असतो हे खरं. पण त्यासाठी अकरावीच्या तोंडावर मुलीची शाळा, मैत्रिणी, एपीचे (कॉलेजच्या पातळीचे) विषय, शिक्षकांची ओळख सगळं उपटून न्यायचं? पुढच्या वर्षी कॉलेजसाठी शिफारसपत्रं कोण लिहिणार? ज्यांना ती सहा महिन्यांपूर्वी भेटली तेच शिक्षक. मी असा सल्ला आजवर कुणाला दिला नाही आणि देणारही नाही. बोर्डिंग स्कूलमध्ये टाकायची कल्पना तर त्याहून वाईट, कारण बोर्डिंग शाळांना त्यांच्या विभागातला सगळ्यात वरचा कटऑफ लागतो.

आता व्हिसाचा प्रश्न. 'एच-४ च्या मुलांना नॅशनल मेरिट मिळत नाही' हे तुम्हाला मंडळातल्या कुणीतरी सांगितलं असेल. पूर्वी ते खरं होतं. नागरिकत्व, ग्रीन कार्ड किंवा निदान त्यासाठीचा अर्ज लागायचा. आता अमेरिकेतल्या शाळेत शिकणाऱ्या मुलांसाठी ती अट राहिलेली नाही. नागरिकत्वाची अट आहे ती परदेशातल्या शाळांमधून परीक्षा देणाऱ्यांना. तुमची मुलगी पात्र आहे. एवढं मात्र लक्षात असू द्या की पुढे एखादं विद्यापीठ किंवा कंपनी स्वतःच्या शिष्यवृत्तीला स्वतःच्या अटी लावू शकते. त्या तेव्हा त्यांच्याकडेच विचारायच्या.

दहावीत दिलेली पीएसएटी यात धरली जात नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. वसंतात होणारी पीएसएटी-१० सुद्धा नाही. फक्त अकरावीच्या ऑक्टोबरची. गुणपत्रिकेवर इंडेक्स छापलेला असतो, आणि मूल पात्र नसेल तर त्याच्यापुढे तारांकन असतं. तिच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर ते दिसलं असेल तर घाबरू नका, ते वर्गामुळे आहे.

म्हणजे हातात आहेत चारेक महिने आणि इंग्रजीतले ऐंशी गुण. खोटा धीर देत नाही: ६७० वरून ७५० ही चढण खडी आहे. ५५० वरून ६३० ला जाणं त्या मानाने सोपं, कारण तिथे मुलाला नियमच माहीत नसतात आणि ते शिकले की गुण येतात. ६७० ला पोचलेल्या मुलीला बहुतेक सगळं येतं. ती हरते ती दोन उत्तरांपैकी चुकीचं निवडण्यात. तरी दरवर्षी एक-दोन मुलं ही चढण चढताना मी बघतो. आणि कमेन्डेड तर तिच्या अगदी हाताशी आहे, मागच्या आकड्यांनुसार एका गुणावर.

परीक्षेची रचना आधी समजून घ्या. रीडिंग-रायटिंगचे दोन मॉड्यूल, प्रत्येकी २७ प्रश्न आणि ३२ मिनिटं. गणिताचे दोन, प्रत्येकी २२ प्रश्न आणि ३५ मिनिटं. पहिल्या मॉड्यूलमध्ये तुम्ही कसं केलंत त्यावर दुसरा सोपा येणार की अवघड ते ठरतं, आणि सोपा आला तर वरच्या गुणांचं दार बंद. म्हणून पहिलं मॉड्यूल घाईत उरकून चालत नाही. प्रत्येक मॉड्यूलमध्ये दोन प्रश्न गुणांसाठी नसतात, पुढच्या परीक्षांसाठी आजमावून बघायला घातलेले असतात. पण कुठले ते कळत नाही. म्हणून एखादा प्रश्न विचित्र वाटला तर तिने त्यावर चार मिनिटं घालवून बाकीच्यांची वाट लावू नये. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा रिकामं काही सोडायचं नाही.

तयारीत आधी व्याकरण घ्या. कारण ते मर्यादित आहे. सेमिकोलन कुठे, कोलन कुठे, डॅशची जोडी कधी पूर्ण करायची, कर्ता आणि क्रियापदाच्या मध्ये लांबलचक वाक्यांश घुसला तरी क्रियापद कुणाशी जुळवायचं, वाक्याच्या सुरुवातीला लटकणारा वाक्यांश नेमका कुणाबद्दल आहे. अशा वीस-पंचवीस गोष्टी आहेत आणि त्याच फिरून फिरून येतात. मराठीत आपण दोन पूर्ण वाक्यं खुशाल स्वल्पविरामाने जोडतो आणि कुणाचं काही बिघडत नाही. या परीक्षेत तीच चूक सगळ्यात जास्त विचारतात. इथे जन्मलेली मुलंसुद्धा त्यात फसतात, कारण शाळेत हे कुणी नियम म्हणून शिकवत नाही, मुलं कानाने लिहितात. कान नव्वद टक्के वेळा बरोबर असतो. तुम्हाला उरलेल्या दहा टक्क्यांसाठी गुण हवेत. जुलै संपेपर्यंत व्याकरणात एकही चूक होता कामा नये, इतकं हे पक्कं करता येतं.

वाचनाचं तसं नाही. उतारे छोटे असतात, पंचवीस ते दीडशे शब्दांचे आणि प्रत्येकावर एकच प्रश्न. विज्ञानातला एखादा प्रयोग, एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीतला परिच्छेद, कविता, इतिहासकारांचा वाद, आलेख. मुलं म्हणतात, एवढंसं तर आहे. पण एवढंसं असल्यामुळेच एकेक शब्द वजनाचा असतो. 'काही' आणि 'बहुतेक', 'सुचवतो' आणि 'सिद्ध करतो' यांतला फरक हाच प्रश्न असतो. चुकीचं उत्तर सहसा धडधडीत चुकीचं नसतं. ते उताऱ्यापेक्षा एक पाऊल पुढे गेलेलं असतं.

यासाठी मी मुलांना एक वही करायला लावतो. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाखाली दोन ओळी, स्वतःच्या शब्दांत: मी निवडलेलं उत्तर मला बरोबर का वाटलं, आणि त्यातला कोणता शब्द उताऱ्यात नाही. दुसरी ओळ महत्त्वाची. 'सिली मिस्टेक' असं लिहायला बंदी. वीस-तीस चुका झाल्या की मुलाला स्वतःची सवय दिसायला लागते. एकीला कळलं की ती नेहमी जास्त नाट्यमय उत्तर निवडते. एकाला कळलं की तो उताऱ्याचं शेवटचं वाक्य वाचतच नाही. हे मी तोंडाने सांगून त्यांना पटलं नसतं.

सराव परीक्षा ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या ब्लूबुक ॲपमध्ये फुकट आहेत आणि त्याच खऱ्या परीक्षेच्या सगळ्यात जवळच्या. संख्या थोडी आहे, म्हणून जूनमध्येच सगळ्या संपवू नका. दोन सप्टेंबरसाठी राखून ठेवा. मधल्या काळात बोर्डाच्याच प्रश्नपेढीतून अवघड पातळीचे प्रश्न काढून द्या. जमलं तर ऑगस्टची एसएटी देऊ द्या. खऱ्या परीक्षेची भीती मोडते, आणि ते गुण पुढे कामाला येऊ शकतात. कसे, ते खाली सांगतो. आणि रोज अर्धा-पाऊण तास काहीतरी लांब वाचू दे, फोनवर नाही. ऐंशी गुण चार महिन्यांत नुसत्या प्रश्नपत्रिका सोडवून येत नाहीत.

शाळेकडे नाव नोंदवण्याचं विसरू नका. पीएसएटीला परस्पर अर्ज करता येत नाही, शाळेमार्फतच बसावं लागतं. काही शाळा अकरावीच्या सगळ्यांना बसवतात, काही फक्त नाव दिलेल्यांना, आणि ती यादी सप्टेंबरच्या सुरुवातीलाच बंद होते. ऐन परीक्षेला ताप आला किंवा घरी काही आपत्ती आली तर एसएटीच्या गुणांवर वैकल्पिक प्रवेशाची सोय आहे, पण त्यासाठी कॉर्पोरेशनला लवकर लिहावं लागतं. त्याला मुदत असते.

सेमीफायनलिस्ट झाल्याचं बारावीच्या सप्टेंबरमध्ये शाळेमार्फत कळतं. मग अर्ज, निबंध, शाळेची शिफारस, चारही वर्षांचे गुण आणि एसएटी किंवा एसीटीचे 'कन्फर्मिंग' गुण. म्हणजे पीएसएटीची कामगिरी हा योगायोग नव्हता याचा पुरावा. एसएटीचा इंडेक्सही त्याच सूत्राने काढतात, आणि ते गुण कॉर्पोरेशनला ००८५ या कोडवर पाठवावे लागतात. हे पाठवायला विसरलेली मुलं मी बघितली आहेत. या टप्प्यावर फार थोडी गळतात, पण गळतात ती बहुधा घसरलेल्या शालेय गुणांमुळे किंवा अशा कागदपत्रांमुळे.

मिळतं काय? खुद्द नॅशनल मेरिटची शिष्यवृत्ती २,५०० डॉलर, तीही एकदाच. न्यू जर्सीत राहणाऱ्याला हा आकडा ऐकून हसू येईल. काही कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी वेगळी देतात, तुमच्या आणि तुमच्या मिस्टरांच्या कंपनीत एचआरला विचारून ठेवा. खरा पैसा तिसऱ्या प्रकारात आहे. अलाबामा, ओक्लाहोमा, टेक्सासचं डॅलस कॅम्पस अशी विद्यापीठं फायनलिस्टना स्वतःकडून मोठी सवलत देत आली आहेत, अगदी पूर्ण ट्यूशनपर्यंत. अटी वर्षावर्षाला बदलतात, आणि त्या विद्यापीठाचं नाव कॉर्पोरेशनकडे पहिली पसंती म्हणून नोंदवावं लागतं. आयव्ही लीगमध्ये यातलं काही नाही. तिथे गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देतच नाहीत, फक्त गरजेवर. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कॅम्पसांनी तर २००५ मध्येच यातून अंग काढून घेतलं, एका परीक्षेवर इतकं अवलंबून राहणं त्यांना पटलं नाही म्हणून.

प्रवेशासाठी म्हणाल तर, कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामाईक अर्जात, सन्मानांसाठी पाच ओळी असतात, त्यातली एक भरते. पीएसएटीचे गुण कॉलेजांना जात नाहीत, आणि उत्तम एसएटी असेल तर तेच त्यांना आधीच कळलेलं असतं. फायनलिस्टचा निकाल फेब्रुवारीत लागतो, तोवर अर्ज जाऊन चुकलेले असतात. म्हणून ज्या घराला अलाबामा किंवा डॅलस चालणार आहे, त्याने यामागे जीव तोडून लागावं. ज्यांना फक्त नामांकित पाच-सहा कॉलेजंच दिसतात, त्यांनी हाच वेळ एसएटी आणि मुलीच्या आवडीच्या कामाला द्यावा. तुम्ही कुठल्या गटात आहात ते तुम्ही लिहिलेलं नाही. मुलीशी बोलून आधी ते ठरवा. इंग्रजीची तयारी दोन्हीकडे लागतेच, तेव्हा ती आजच सुरू करायला हरकत नाही.

शेवटचं, प्रेसिडेन्शियल स्कॉलर. हा मान १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सुरू केला. देशभरात दरवर्षी जास्तीत जास्त १६१ जणांना मिळतो. शैक्षणिक गटात स्वतःहून अर्ज करता येत नाही. एसएटी किंवा एसीटीच्या गुणांवर प्रत्येक राज्यातले वरचे साधारण वीस मुलगे आणि वीस मुली निवडून त्यांना आमंत्रण येतं. राज्याच्या शिक्षणप्रमुखांकडूनही काही नावं जातात. मग निबंध, शाळेचा अहवाल, आणि शेवटी बहुतेक राज्यांतून एक मुलगा आणि एक मुलगी. पैसे नाहीत, पदक मिळतं. पण इथे नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. एच-४ वर असेपर्यंत तुमच्या मुलीला हे दार बंद आहे. बारावीपर्यंत ग्रीन कार्ड हातात आलं तर मला पुन्हा लिहा, तिच्या एसएटीचे आकडे घेऊन.